वडिलांचा सोरायसिस नक्की किती टक्के? एक डॉक्टर १४ म्हणतात, दुसरे ९, मी मोजलं तर २२

कराडची_लेक

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न लांबलचक होणार आहे, आधीच सांगते, पण दोन महिने हेच डोक्यात घोळतंय आणि घरात बोलायला कुणी नाही.

आमच्या आण्णांना सोरायसिस आहे, वय ६१, दहाएक वर्षं झाली. डोक्यात, दोन्ही कोपरांवर आणि तिथून खाली, पाठीवर कमरेच्या वर, आणि दोन्ही नडग्यांवर. कराडजवळ गावात आमची पिठाची गिरणी आहे, आण्णाच चालवतात. दळताना हातावर पीठ बसतं आणि त्यातच पोपडे सुटतात, दोन्ही पांढरंच, आणि मागे एकदा एक बाई उभ्या उभ्या त्यांच्या हाताकडं बघत राहिल्या आणि डबा न दळताच उचलून निघून गेल्या. बोलल्या काही नाहीत. त्या दिवसापासून आण्णा मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, मनगटाचं बटण लावून, आणि गिरणीत पंखा लावता येत नाही कारण पीठ उडतं, म्हणजे आत काय होत असेल बघा.

आता मुद्दा. जूनमध्ये कराडच्या डॉक्टरांनी कागदावर बीएसए, म्हणजे अंगाची किती कातडी व्यापलीय ते, १४ टक्के लिहिलं आणि मलम दिलं. ऑगस्टमध्ये कोल्हापूरला दाखवलं तर त्यांनी लिहिलं बीएसए ९ टक्के, पासी ९.६, आणि म्हणाले आता मलमावर भागणार नाही, गोळी सुरू करू. आण्णा ऐकायलाच तयार नाहीत. म्हणतात, शंभरात नऊच ना, मग ९१ टक्के अंग चांगलं आहे की, गोळ्या कशाला खायच्या, आणि १४ चं ९ झालं म्हणजे उतरतंयच की. मलाही खरं सांगायचं तर ते पटत होतं. मग मी नेटवर वाचलं की एक तळहात म्हणजे एक टक्का, आणि रविवारी आण्णांना अंगणात बसवून माझा तळहात ठेवत ठेवत सगळं मोजलं. २२ आले. दोनदा मोजलं. मी आत जाऊन रडले, त्यांना सांगितलंच नाही किती आले ते.

तर बरोबर कुणाचं? ९ हा आकडा कमी समजायचा की जास्त? पासी ९.६ म्हणजे पण टक्केच का? आणि घरी नीट मोजायचं असेल तर कसं? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

---

स्किन_रेसिडेंट

ताई, मी स्किनला एमडी करतेय, दुसरं वर्ष. तुमच्या आण्णांना मी बघितलेलं नाही, त्यामुळे गोळी घ्या की नको यावर मी काही बोलणार नाही, पण मोजायचं कसं ते सांगू शकते कारण ओपीडीत रोज तेच करते.

पहिली गोष्ट, २२ बद्दलची काळजी आधी सोडा. तुमची चूक मोजण्यात नाही, शब्दात झालीय. मराठीत तळहात म्हटलं की बोटं सोडून उरतो तो भाग, आणि तुम्ही तसंच मोजलं असणार. खरं माप आहे अख्ख्या पंजाचं, बोटं जुळवून सरळ ठेवलेली, मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तो पंजा म्हणजे ढोबळ एक टक्का. नुसता तळहात जेमतेम अर्धा टक्का. आणि दुसरं, पंजा पेशंटचा पाहिजे, मोजणाऱ्याचा नाही. तुमचा हात आण्णांपेक्षा लहान असणार. म्हणजे तुमचे २२ निम्मे केले तर ११, आणि लहान हात धरला तर त्याच्याही खाली. ९ च्या जवळच आलात की तुम्ही! कोल्हापूरच्या डॉक्टरांशी तुमचं भांडण नाहीये.

अजून एक बारीक गोष्ट, पंजा पूर्ण एक टक्का पण नसतो. नीट मापं घेतली आहेत लोकांनी, पुरुषांत साधारण ०.८ आणि बायकांत ०.७ च्या आसपास येतो. म्हणून पंजाने मोजलं की आकडा थोडा फुगतोच. चट्टे लहान लहान आणि विखुरलेले असले की अजून फुगतो, कारण डोळा मधली चांगली कातडीही धरून टाकते. ते टाळायला मनात चट्टे सरकवून एकत्र आणायचे, एक पंजा भरेल एवढे झाले की एक.

१४ आणि ९ मध्ये दोन वेगळे डॉक्टर आहेत, दोन महिने आहेत आणि मधे मलम आहे. यातलं कशामुळे किती कमी झालं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. दोन अनुभवी डॉक्टरांनी एकाच पेशंटला एकाच दिवशी बघितलं तरी आकडे वेगळे येतात, आमच्या युनिटमध्ये रोज बघते. म्हणून उतरतंय का चढतंय हे बघायचं असेल तर मोजणारा माणूस तोच ठेवा.

आता ९ कमी की जास्त. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनची जी वाटणी बहुतेक ठिकाणी वापरतात त्यात ३ च्या खाली सौम्य, ३ ते १० मध्यम, १० च्या वर तीव्र. ९ म्हणजे मध्यमच्या अगदी वरच्या टोकाला. पण आण्णांना हे असं सांगू नका, त्यांना असं सांगा: भाजलेल्या पेशंटला आम्ही नऊच्या हिशोबाने मोजतो, त्यात खांद्यापासून बोटांपर्यंत एक अख्खा हात, पुढून मागून सगळा, म्हणजे ९ टक्के. तुमचे चट्टे गोळा करून एका जागी आणले तर एक पूर्ण हात भरेल. शंभरातले नऊ ही परीक्षेची भाषा झाली, कातडीला ती लागू होत नाही.

पासी टक्के नाहीत. तो वेगळा स्कोअर आहे, ० ते ७२. १९७८ मध्ये स्वीडनच्या फ्रेडरिक्सन आणि पेटरसन यांनी एका नव्या गोळीचा परिणाम मोजायला तयार केला आणि आजही औषधांच्या चाचण्यांत तोच चालतो. त्यात किती जागा व्यापली हे तर येतंच, पण त्या जागेवर लाली किती, जाडी किती, पोपडे किती हे पण येतं, प्रत्येकाला ० ते ४. शरीराचे चार भाग धरतात, डोकं-मान १० टक्के, दोन्ही हात २०, धड ३०, पाय ४०. पंजांत बोलायचं तर डोकं दहा पंजांचं, हात वीस, धड तीस, पाय चाळीस. मग त्या त्या भागातला किती हिस्सा व्यापलाय त्याला ० ते ६ मार्क. दहाव्या हिश्श्याच्या आत असेल तर १, दहा ते तीस टक्क्यांच्या आत असेल तर २, असं वर जातं.

उदाहरण, फक्त समजा हं, आण्णांच्या पायांवर साडेचार पंजे आहेत. चाळिसातले साडेचार म्हणजे सव्वाअकरा टक्के, मार्क २. लाली २, जाडी २, पोपडे २, बेरीज ६. सहा गुणिले दोन बारा, आणि पायांचा वाटा ०.४, झाले ४.८. एकूण ९.६ असेल तर निम्मा स्कोअर नुसत्या नडग्यांचा! आता याच हिशोबात धडावर अडीच पंजे असतील तर मार्क १, पण अर्धा पंजा वाढून तीन झाले की बरोब्बर १० टक्के होतात आणि मार्क एकदम २, धडाचा स्कोअर दुप्पट. अर्ध्या पंजावर एवढी उडी पडते. म्हणून पासी एका पॉइंटने वरखाली झाला तर त्यावरून काही ठरवायचं नाही.

मला तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्यात. मोजताना सपाट काळे डाग पण धरले का? आणि मलमाची ट्यूब किती ग्रॅमची आणि किती दिवस पुरते?

---

कराडची_लेक

मॅडम काय सांगू तुम्हाला, पंजा आणि तळहात हे वाचून मी अक्षरशः स्वतःच्या हाताकडे बघत बसले. हो, बोटं सोडूनच मोजलं होतं.

काळे डाग सगळे धरलेत. नडग्यांवर जुने डाग खूप आहेत, तिथं आता खवले नाहीत पण रंग काळपट राहिलाय, मला वाटलं तेही सोरायसिसच. आणि ट्यूब १५ ग्रॅमची आहे, एक ट्यूब महिनाभर जाते, कधी कधी जास्तच. आण्णा जपून लावतात, म्हणतात महाग आहे आणि स्टिरॉइड आहे, जास्त लावायचं नाही.

---

स्किन_रेसिडेंट

बघा, डाग मोजायचे नाहीत. डोळे मिटून बोट फिरवायचं. उंचवटा लागला, खरखर लागली तर ते मोजायचं. बोटाला सपाट, मऊ लागलं आणि फक्त रंग वेगळा आहे तर तो मागे राहिलेला डाग, तो जायला महिने लागतात, पण तिथला आजार सध्या शांत आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पुस्तकातल्या फोटोसारखी गुलाबी दिसत नाही, जांभळट, तपकिरी दिसते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबलं की दोन्ही बाजूंनी चुकतं, लाली कमी मोजली जाते आणि डाग जास्त.

ट्यूबचं वाचून मात्र मला वाईट वाटलं. पंजे मोजण्याचा घरच्या घरी सगळ्यात मोठा उपयोग इथेच आहे. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत मलमाची एक रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि ते दोन पंजांना पुरतं. नऊ-दहा पंजे असतील तर एका वेळेला पाच रेघा, अडीच ग्रॅम. दिवसातून दोनदा लिहिलं असेल तर पाच ग्रॅम. म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब तीन दिवसांत संपायला पाहिजे आणि आण्णा ती महिनाभर पुरवतायत. मग मलमाचा गुण आला नाही असं कसं म्हणायचं, ते अंगावर पडलंच नाही पुरेसं.

पण प्लीज, हे वाचून आजपासून पाच पाच ग्रॅम लावायला सुरू करू नका. स्ट्राँग स्टिरॉइड आठवड्याला किती लावायचं याची मर्यादा असते, किती दिवस सलग लावायचं याचीही असते, आणि चेहरा, काख, जांघ इथे ते चालत नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांना जसं आहे तसं सांगा की महिन्याला एकच १५ ग्रॅम ट्यूब लावत होतो. त्यांचा गोळीचा निर्णय यावर बदलेल किंवा बदलणार नाही, पण त्यांना हे माहीत असायलाच पाहिजे.

---

वर्धेकर

ताई, मी बावीस वर्षांचा पेशंट आहो, म्हणून थोडं मोठं लिहितो.

माझ्या आयुष्यात हा टक्का दोनपासून नव्वदपर्यंत जाऊन आला आहे. सुरुवातीला कोपरावर रुपयाएवढा चट्टा होता, गजकर्ण समजून दोन वर्षं गजकर्णाचंच मलम लावलं. मग स्किनच्या डॉक्टरांनी निदान केलं, ठीक चाललं होतं, चार-पाच टक्क्यांवर राहत होतं. २००९ साली ओळखीच्या एकानं पुड्या आणून दिल्या, म्हणाला जडीबुटी आहे, मुळापासून जाते. आणि खरंच आठ दिवसांत अंग काचेसारखं साफ. मी पेढे वाटले. तीन महिने खाल्ल्या, मग पुड्या देणारा माणूसच गावातून गेला, पुड्या बंद. पंधरा दिवसांत डोक्यापासून पायापर्यंत अंग लाल, कातडी सोलून पडते, आणि मे महिन्यात वर्धेत मी दोन रजया घेऊन कुडकुडतो. अंगातली सगळी उष्णता कातडीतून निघून जात होती. भरती व्हावं लागलं, अठरा दिवस. डॉक्टर म्हणाले पुडीत स्टिरॉइड होतं, ते एकदम बंद झालं म्हणून उसळलं. कागदावर लिहिलं होतं, बीएसए नव्वदच्या वर. तेव्हा कोणी पंजा ठेवून मोजलं नाही, चांगली कातडी कुठं कुठं उरली तेवढीच मोजली.

हे घाबरवायला नाही सांगत. तुमचे आण्णा गोळीला नको म्हणतात, बरोबर आहे, मीही म्हणत होतो. पण गोळीला नाही म्हणणारा माणूस पुडीला हो म्हणते, हे मी स्वतःवरून सांगतो. दुकानात बसणाऱ्या माणसाला दहा लोक दहा इलाज सांगतात. तेवढं लक्ष ठेवा.

मी आता मेथोट्रेक्सेट घेतो, आठवड्यातून एकदाच, माझा वार बुधवार. तुमच्या आण्णांना कोणती गोळी सांगितली मला माहीत नाही, पण हीच असेल तर ती आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, कारण चुकून रोज खाल्ली तर जिवावर बेतते. कॅलेंडरवर बुधवारी गोल करून ठेवतो आणि बायको खूण करते. रक्त तपासायला ठरल्याप्रमाणे जातो. दारू बंद.

मोजायचं म्हणाल तर मी महिन्याच्या पहिल्या रविवारी फोटो काढतो. तीच खिडकी, तीच वेळ, सकाळी नऊ, पंखा बंद, ट्यूबलाइट बंद, मागे तीच निळी चादर, आणि चट्ट्याच्या बाजूला पाच रुपयाचं नाणं. मुलगा काढून देतो. नाणं अशासाठी की फोटो जवळून काढला की चट्टा मोठा दिसते, नाण्यावरून खरं माप कळते. डॉक्टर पाच मिनिटांत काय बघणार, हे फोटो एका खाली एक दाखवले की त्यांनाही सोपं जाते. आज माझं दीड-दोन टक्क्यांवर आहे.

---

भाकरीताई

सगळ्यांचं वाचलं, खूप छान माहिती. पण मला टक्क्यांबद्दल वेगळं बोलायचंय आणि मनापासून बोलायचंय.

मला फक्त दोन्ही हातांच्या पंजांना आहे, आतल्या बाजूने, बाकी अंगावर एक ठिपका नाही. आता वरच्या हिशोबाने दोन पंजे म्हणजे दोन टक्के, तेही पूर्ण नाही. सौम्य! पहिल्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं, थोडंच आहे. थोडंच आहे आणि मला भाकरी थापता येत नव्हती. गरम पाणी घालून पीठ मळलं की भेगांतून रक्त यायचं, पिठात लाल दिसायचं, मग ते पीठ टाकून द्यायचं. धुणं नाही, भांडी नाही, मिरची तर नाहीच. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवला की उमटायचा नाही, कारण अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या, रांगेतली माणसं मागून ओरडायची, शेवटी डोळ्याच्या मशीनवर करून घ्यायला लागले.

नंतरच्या डॉक्टर बाईंनी मला टक्के विचारलेच नाहीत. दहा प्रश्नांचा एक कागद दिला. गेल्या आठवड्यात खाज, दुखणं किती, लाज वाटली का, घरकामात अडचण आली का, कपडे कोणते घालायचे ते यामुळे ठरवलं का, नवरा-बायकोच्या संबंधात त्रास झाला का, असं. माझे २१ आले तीसपैकी. म्हणाल्या, तुमचा आजार दोन टक्के नाही, आणि मलाही गोळ्या सुरू केल्या. हात, पाय, तोंड, डोकं, नखं आणि अवघड जागा, इथला सोरायसिस जागेवर मोजायचा नसतो असं त्यांनी सांगितलं.

तुमच्या आण्णांच्या त्या मे महिन्यातल्या शर्टाला किती टक्के द्यायचे ते सांगा कुणी.

---

स्किन_रेसिडेंट

भाकरीताई, तो कागद म्हणजे डीएलक्यूआय. कार्डिफच्या फिनले आणि खान यांनी १९९४ मध्ये काढला. आणि त्याच फिनले यांनी २००५ मध्ये दहाचा नियम मांडला: बीएसए दहाच्या वर, किंवा पासी दहाच्या वर, किंवा हा कागद दहाच्या वर, तिन्हींपैकी एक जरी ओलांडलं तरी आजार तीव्र समजायचा. त्यामुळे २१ म्हणजे तीव्रच, तुमच्या डॉक्टर बाई अगदी बरोबर होत्या. कराडच्या ताई, आण्णांना हे दहा प्रश्न विचारा. तुम्ही विचारू नका खरं तर, त्यांना एकटं बसून भरू दे.

---

सावकाश७७

माझं मत थोडं वेगळं आहे. माझी बहीण रोज आरशासमोर उभी राहून मोजायची, सकाळ संध्याकाळ, वहीत लिहायची, एक नवीन ठिपका दिसला की दिवसभर जेवायची नाही. टेन्शनने सोरायसिस वाढतो हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही शेवटी वही लपवून ठेवली आणि ती सुधारली. माझ्या मते आकडे डॉक्टरांकडे राहू द्या आणि आण्णांना बागेत फिरायला न्या.

---

वर्धेकर

तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. रोज मोजणं चूकच आहे, चट्टा एका दिवसात हलत नाही, मग माणूसच हलते. पण महिन्यातून एकदा आणि दुसऱ्याच्या हातानं मोजलं तर मला त्याचा आधारच झाला. गोळी सुरू केल्यावर पहिले दोन महिने मला काहीच फरक वाटत नव्हता, सोडणार होतो. फोटो लावून बघितले तर पाठीवरचे चट्टे मधूनच साफ व्हायला लागले होते, कडा तेवढ्या उरल्या होत्या. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही ना.

---

कराडची_लेक

अपडेट देते. उशीर झाला, गौरी-गणपतीत वेळच मिळाला नाही.

काल सकाळी मोजलं. साडीच्या बॉक्सचा पुठ्ठा घेतला, त्यावर आण्णांचा उजवा हात ठेवून पेन्सिलने कडेकडेने काढला आणि कात्रीने कापला. पुठ्ठ्याचा हात. पाठीवर छान बसला, पण कोपराला आणि नडगीला पुठ्ठा वळेना, मग त्याच मापाचा वर्तमानपत्राचा हात कापला, तो कातडीवर गुंडाळता येतो. ज्यांना मोजायचंय त्यांनी सरळ कागदाचाच करा. त्याची चार घडी घातली की पाव पंजा होतो, लहान चट्ट्यांना तो लावला.

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून बोट फिरवत गेले. दहा वर्षांत मी आण्णांच्या पाठीला हात लावला नव्हता हे तेव्हा लक्षात आलं. त्यांनीच लावू दिला नव्हता. सुरुवातीला अंग आखडून बसले होते, नंतर म्हणाले, तिथं जरा जोरात फिरव, खाजतंय.

डोकं दीड, दोन्ही हात मिळून तीन, पाठ अडीच, पाय साडेचार. साडेअकरा पंजे. काळे डाग वेगळे मोजले ते अडीच, ते धरले तर बरोबर चौदा! कराडच्या डॉक्टरांनी तेच धरले होते की तेव्हा ते डाग खरंच जिवंत होते, देव जाणे. आणि साडेअकराला ०.८ ने गुणलं तर ९.२. म्हणजे कोल्हापूरचे ९ तंतोतंत.

मग मी आण्णांना सांगितलं की हे सगळं एकत्र केलं तर खांद्यापासून बोटापर्यंत एक अख्खा हात होतो. त्यांनी आपला डावा हात पुढं केला, उलटा सुलटा करून बघितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, एवढं होय.

दहा प्रश्नांचा कागद त्यांनी गिरणीत बसून एकट्यानं भरला. १७ आले. कपड्यांच्या प्रश्नाला पूर्ण तीन दिलेत.

अजून एक विचारायचं होतं. पुठ्ठ्यावर हात काढताना त्यांचं मधलं बोट सरळ होईना. मी म्हटलं दाबा जरा, तर म्हणाले सकाळी दाबत नाही, गिरणी चालू केल्यावर तासाभरानं सैल होतं. बघितलं तर बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलंय, शेजारच्या बोटाच्या दीडपट. नखावर पण बारीक बारीक खड्डे आहेत, टाचणीनं टोचल्यासारखे. म्हणतात पोती उचलून झालंय, तीन-चार महिने आहे. याचा संबंध असतो का?

---

स्किन_रेसिडेंट

ताई, हे बाकी सगळ्याच्या आधी बघायचं आहे. सकाळी आखडलेलं, हालचालीने सैल होणारं, अख्खं बोट सुजलेलं आणि नखांवर खड्डे, हे सांध्यांचा सोरायसिस असू शकतो. पोती उचलून पण बोट सुजतं, त्यामुळे खात्रीने तपासल्याशिवाय कुणी सांगू नये, पण वाट बघू नका. सांधा आतून झिजला तर तो परत येत नाही, कातडी परत येते. बीएसए असो की पासी, दोन्हीत सांधे कुठेच मोजले जात नाहीत, नखंही नाहीत, त्यामुळे ९ वर बघून हे कुणाच्या लक्षात येणार नाही. पुढची तारीख कधीची आहे? लांबची असेल तर फोन करून लवकरची घ्या आणि फोनवरच बोटाचं सांगा. टाचा दुखतात का, सकाळी कंबर आखडते का हेही विचारून ठेवा. सांध्यांचं निघालं तर औषध ठरवताना सगळा हिशोब बदलतो, तेव्हा नवीन गोळी सुरू करायच्या आधीच हे त्यांच्या कानावर घाला.

---

भाकरीताई

लगेच जा ताई. माझ्या जावेच्या बोटांचं असंच अंगावर काढलं, आता मूठ मिटत नाही.

---

कराडची_लेक

तारीख पुढच्या महिन्याची होती, फोन केला, परवा सकाळी अकराला बोलावलंय. टाच दुखते म्हणाले, डावी, ती पण चपलेमुळे असं वाटत होतं त्यांना.

परवा गिरणी बंद, पाटी लावली. रिकामी ट्यूब, दहा प्रश्नांचा कागद आणि वर्तमानपत्राचा हात घडी घालून पिशवीत ठेवलाय. आण्णा स्वतःहून म्हणाले अर्ध्या बाह्यांचा शर्ट काढून ठेव, डॉक्टरांना दाखवायला बरा पडेल. डॉक्टर काय म्हणतात ते आल्यावर लिहिते.